आधीचा आणि नंतरचा

फ्लेक्सच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. एक फ्लेक्सचे कापलेले तुकडे, दुसरे किस्से. तुकडे लोक गोठ्यावर टाकायला मागून नेतात. किस्से कुणी नेत नाही, म्हणून मीच वाटत बसतो!

मी माधव, नांदेडला अप्पांच्या दुकानात डिझायनर. अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मनानं देवमाणूस. पण दुकानात त्यांचा एक नियम होता. चेहरा कुणाचाही असो, छापण्याआधी दोन शेड उजळायचा. विचारायचंसुद्धा नाही! मी स्वतः तव्याचा रंग घेऊन जन्मलेलो, आणि अख्खा जिल्हा गोरा करायचं काम माझ्याकडे.

*

उमरीचे एक होतकरू पुढारी वाढदिवसाचा बॅनर करायला आले. "अजून उजळा," असं तीनदा म्हणाले. चौथ्यांदा नाक दिसेनासं झालं, तेव्हा खूश झाले.

दुसऱ्या दिवशी साहेब बॅनरखाली शुभेच्छा घ्यायला उभे. एक म्हातारा आला, वर बघितलं आणि त्यांनाच विचारलं, "हे पाव्हणं कुठलं म्हनायचं?"

पुढच्या वर्षी ते परत आले. मी म्हटलं, "या वेळी रंग जरा खरा ठेवू का?"

"न्हाई न्हाई! फोटो तसाच राहू द्या. नाव मोठं करा!"

*

लातूरच्या एका क्लासवाल्या सरांना "हुशार दिसणारी पोरं" हवी होती. नेटवरून सोनेरी केसांची चार पोरं निवडली आणि खाली लिहायला लावलं, 'आमचे यशस्वी विद्यार्थी'.

मी म्हटलं, "सर, आपल्या वर्गातली पोरं घेऊ की."

"ती हुशार हायेत हो, पण दिसत न्हाईत ना!"

ॲडमिशनला आलेल्या एका बापानं बॅनर नीट बघून विचारलं, "सर, ही पोरं वर्गात दिसली न्हाईत?"

सर डगमगले नाहीत. "होस्टेलला हायेत!"

*

बियाण्याच्या दुकानासाठी असाच एक गुलाबी गालांचा परदेशी शेतकरी छापला. डोक्यावर हॅट, हातात तुरीची फांदी. इस्लापूरकडचे एक काका त्याच्यापुढं बराच वेळ उभे होते.

"ह्याला आमच्या रानात आठ दिस तूर खुरपायला पाठवा," ते म्हणाले. "आमच्यावानी झाला, की बियाणं घेतो!"

*

आता माझं दुखणं. चोरांपासून सावधान, दारू सोडा, असले बॅनर आले की अप्पा मलाच कॅमेऱ्यापुढं उभं करायचे. मग देगलूरच्या एका उटणंवाल्याची जाहिरात आली. 'आधी' मी. 'नंतर'ही मीच, चार शेड उजळून!

"अप्पा, माझं लग्न व्हायचंय अजून!" मी खरंच चिडलो होतो. तोवर चार ठिकाणांहून 'कळवतो' असा निरोप आला होता, आणि कळवलं कुणीच नव्हतं.

अप्पांना माझी दया आली. त्यांनी मायेनं तोच 'नंतर'चा फोटो माझ्या बायोडाट्यावर लावला आणि मला न सांगता पाठवून दिला. कुठं? देगलूरला!

आम्ही मुलगी बघायला गेलो, तर स्टँडवरच माझे दोन्ही चेहरे लटकलेले. घरात मुलीच्या मावशीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हे आधीचं हाय. नंतरचं कवा येणार?"

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन सुरेखा आली. माझ्याच रंगाची!

"मावशे, मी तरी कुठं फोटोतली हाय?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "माझा बायोडाटा बी तुमच्याच दुकानातला हाय. नांदेडला कॉलेजला असताना केलता. कोण गोरं केलं मला?"

"मीच."

"लई कष्ट पडले असतील!"

मला एवढं हसू आलं की पोहे घशात अडकले. लग्न ठरलं.

*

लग्नाच्या बॅनरला सुरेखाची एकच अट होती. फोटोला हात लावायचा नाही. प्रिंट निघताना अप्पांना बघवेना, ते बाहेर जाऊन बसले. हळदीच्या दिवशी बॅनर देगलूरला मांडवाच्या तोंडाशी लागला, आणि अर्ध्या तासात सासऱ्यांचा फोन आला. अप्पांनी स्पीकरवर टाकला.

"अप्पा, मशीन बिघडली का तुमची? दोघं बी काळे आलेत! पाव्हणे इचारून राहिले, लगीन कुणाचं हाय? लगेच दुसरा पाठवा!"

तिकडं फोन कुणीतरी ओढून घेतला. सुरेखाचा आवाज आला. "अप्पा, दुसरा पाठवू नका. मी हळदीच्या अंगानं बॅनरखालीच उभी हाय. ज्याला शंका हाय त्यानं वर बघावं, मग खाली बघावं!"

अप्पांनी फोन ठेवला. भस्मावरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच मला म्हणाले, "माधव, पोरीचं बरोबर हाय. बॅनर बदलायचा न्हाई."

मी मान डोलावली.

"एक काम कर. वरून दोन हॅलोजन लावायला सांग!"