बाबांची घरात न आलेली बोली

बाबा शाळामास्तर. जन्म सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरचा, तिथली आदिवासी बोली कोकणा. जव्हारला बिऱ्हाड केल्यावर मात्र ती त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "शाळेत हसतात," एवढंच कारण द्यायचे. मी पुस्तकी मराठी बोलत वाढले आणि त्याच मराठीवर कारकून झाले.

आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. बाबा भाकरी खाऊन हात धुवायचे आणि लगेच विचारायचे, "आज जेवायचं नाही का?" पुढे पेन्शनच्या कागदावर सही करताना अडखळले. एवढं सुंदर अक्षर त्यांचं!

नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी बिघडते. ते शेजारच्या प्रथिनालाही बिघडवतं. त्याच्या गाठी एका पेशीतून तिला जोडलेल्या दुसऱ्या पेशीत पसरत जातात. बहुधा आधी आठवणींच्या भागात, मग पुढे.

"थांबवता येईल?"

"अजून तरी नाही."

परतताना घाटात बाबांनी विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

"अशक्तपणा आहे म्हणाले."

वर्षभरात त्यांची मराठी विरळ होत गेली. एका सकाळी चहा घेताना ते काहीतरी बोलले, ते मला कळलंच नाही. पुन्हा बोलले, मोठ्याने. मी पाणी आणलं, घोंगडी आणली, काठी दिली. त्यांनी सगळं बाजूला सारलं. त्यांना काय हवं होतं, ते मला आजही माहीत नाही.

मग त्यांच्याच पाड्याकडच्या एक बाई सोबतीला मिळाल्या. बाबा खुलले. मी ऑफिसातून आले की दारातूनच दोघांचं हसणं ऐकू यायचं. मी आत गेले की बाबा गप्प व्हायचे. एकदा ते माझ्याकडे बघून काही बोलले.

"काय म्हणाले?"

बाई जरा घुटमळल्या. "ही बाई कोण, इचारतात. लांबून आली असंल, जेवल्याबिगर जाऊ देऊ नको, म्हणतात."

बाईंनी ताट वाढलं. माझ्याच घरात मी पाहुणीसारखी मांडी घालून जेवले. बाबा समोर बसून माझ्या ताटाकडे लक्ष ठेवून होते. भात संपला तसा त्यांनी आणखी वाढायची खूण केली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बाईंकडून कोकणा शिकू लागले. आधी पाणी, भूक, दुखणं. महिन्याभराने धीर करून बाबांना त्यांच्या बोलीत विचारलं, पाणी हवंय का. ते टक लावून बघत राहिले, मग बाईंकडे वळून काही म्हणाले. बाई पदराआड हसल्या. "बाहेरची असून बरी बोलते, म्हणतात."

त्या दिवशी मला भारी आनंद झाला. स्वयंपाकघरात जाऊन मी रडलेही.

या उन्हाळ्यापासून बाबा कुठल्याच भाषेत बोलत नाहीत. बाई त्यांचं अंग पुसताना पाड्यावरच्या गोष्टी सांगत राहतात: कुणाची विहीर आटली, कुणाची लेक नांदायला गेली. मी दाराशी उभी राहून ऐकते. आता मला जवळजवळ सगळं कळतं.