आक्काचा भूगोल

आमच्या आक्काला खडकांचे प्रकार मी शिकवले, आणि चुकीचे शिकवले. ती जाऊन आता आठ महिने झाले. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, म्हणून लिहितो आहे. हात सावकाश चालतो.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला आणि ती वरवंडला आईकडे परत आली. दुष्काळात रस्त्याच्या कामावर तिने खडी फोडली. पाऊसपाणी सुधारल्यावर ते काम बंद झालं, तेव्हा गावातल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. मुलांची नाकं पुसायची, त्यांना गाणी म्हणून दाखवायची. तिथेच तिच्या मनाने घेतलं की आपण शिक्षिका व्हायचं. त्यासाठी प्रशिक्षण हवं, आणि प्रशिक्षणाला अकरावी पास हवी. शाळा तर नववीत सुटलेली. मग बाहेरून परीक्षेला बसली. एकेक विषय सोडवत गेली. गणितसुद्धा सुटलं. भूगोल मात्र दोनदा अडला.

तेवढ्यात जुनी अकरावी बंद होऊन नवी दहावी आली. जुन्या अभ्यासक्रमाच्या लोकांसाठी शेवटची एक परीक्षा ठेवली होती, ऑक्टोबरात. ती हुकली की सुटलेले विषयही हातचे जाणार आणि नव्या पुस्तकांनी पहिल्यापासून सुरुवात. आक्का म्हणाली, "ह्या डावाला निघालं तर निघालं. पुन्हा एवढं सगळं माज्यानं व्हायचं न्हाई."

मी तेव्हा शिरूरला एका शाळेत नुकताच लागलो होतो. माझा विषय मराठी. पण माणसं कमी, म्हणून आठवीचा भूगोलही माझ्या गळ्यात आला होता. पुस्तकात होतं तेवढंच मला येत होतं. आक्काला मात्र वाटायचं, भाऊ मास्तर आहे म्हणजे त्याला सगळं येतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी पकडायचो. चौफुल्याला बस बदलायची. वरवंडला पोचेपर्यंत ऊन कलायचं. आक्का दारातच म्हणायची, "आले मास्तर! आई, चहा टाक. न्हाईतर छडी काढतील."

पृथ्वीच्या अंतरंगापासून सुरुवात केली. पुस्तकात सफरचंदाचा दाखला होता. साल म्हणजे भूकवच. आक्का म्हणाली, "सफरचंद मी खाल्लंय कवा? दुसरं काय तरी सांग." ती चुलीपुढे भाकरी भाजत होती. भाकरी फुगली तशी तीच म्हणाली, "ह्यो वरचा पापुद्रा तुजं भूकवच. आतलं मऊ म्हंजी आतलं थर. चाललं का?" मी म्हटलं, चालेल. सियाल, सायमा, निफे ही थरांची नावं तिने भाकऱ्या थापता थापता पाठ केली. आई म्हणायची, "ही कसली देवाची नावं म्हणायची?"

मग खडक आले. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. अग्निजन्य म्हणजे लाव्हारस थंड होऊन झालेला, उदाहरण दख्खनचं पठार. स्तरित म्हणजे गाळाचे थर एकावर एक बसून, दाबून झालेला, उदाहरण वालुकाश्म, चुनखडक. रूपांतरित म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला, उदाहरण संगमरवर. आक्का धडाधड म्हणायची आणि पुढच्या शनिवारी सगळं विसरलेली असायची.

"नुसती नावं ध्यानात राहत न्हाईत रे," ती म्हणाली. "दगूड म्हटलं की मला दिसला पायजे. खडी फोडताना बघ, काळा पाषाण घन घातल्यावर खणकन वाजतो, ठिणगी उडती. मांजऱ्या, त्यो भोकाभोकाचा मऊ दगूड, वाजत न्हाई, भुगा होतो. ते मला कुणी इचारावं. तुजा तो वालुकाश्म कसा वाजतो?"

मी वालुकाश्म पाहिलेलाच नव्हता.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. शाळेत नव्या पद्धतीचं वारं होतं, प्रत्यक्ष दाखवून शिकवा म्हणायचे. आमच्या शेजारच्या आबांनी मळ्यात विहीर खोल करायला काढली होती. अर्धा उन्हाळा सुरुंग लावून झाले होते, पाणी लागत नव्हतं. मी आक्काला तिथे नेलं. कडेला उभं राहून दाखवलं, "बघ. वर काळी माती. खाली मुरूम. त्याखाली मांजऱ्या. सगळ्यात खाली काळा पाषाण. एकावर एक थर आहेत ना? स्तरित म्हटलं की हे आठव."

थर कसे दिसतात एवढंच मला दाखवायचं होतं, असं मी स्वतःला पुढे कित्येकदा सांगितलं. खरं तर त्या घडीला मलाही वाटलं होतं की हा स्तरितच असावा. थर समोर दिसत होते.

आबा पलीकडच्या काठावरून ओरडले, "काय मास्तर, बहिणीला हिरीत ढकलताय काय?"

"धडा शिकवतोय, आबा."

"शिकवा, शिकवा. मला पाणी कुठं लागंल तेवढंबी पुस्तकात बघून सांगा."

आक्का मात्र विहिरीत डोळे लावून उभी होती. बाहेर काढलेल्या मांजऱ्यातून तिने एक गारगोटी उपटून घेतली आणि पदराला बांधली. घरी आल्यावर पाटीवर विहिरीची आकृती काढली, थरांची नावं दिली. पुढच्या शनिवारी विचारलं तेव्हा ती एकही शब्द विसरली नव्हती. मला फार बरं वाटलं. आपल्याला शिकवता येतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

परीक्षेचं केंद्र दौंडला होतं. मी रजा काढून सोबत गेलो. ती आत गेल्यावर शाळेच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. स्टेशनाकडून इंजिनांचे आवाज येत होते. तीन तास करण्यासारखं काही नव्हतं.

ती बाहेर आली ती हसतच. चालताना चप्पल निसटली तरी मागे वळून पाहिलं नाही, मीच उचलून आणली.

"खडकावर मोठा सवाल आला हुता," ती म्हणाली. "स्तरित खडकाची माहिती आकृतीसह लिवा. आपल्या परिसरातली उदाहरणं द्या."

"मग?"

"मग काय! आबांची हीर काढली. पट्टीनं काढली. माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण. वरवंडला स्तरित खडक सगळीकडं हाय म्हणून लिवलं. दोन पानं भरली."

मी चालायचा थांबलो.

"आणि अग्निजन्याला काय उदाहरण दिलंस?"

"दख्खनचं पठार. तू सांगितलंस तसंच."

दख्खन म्हणजे नकाशातला एक रंगवलेला भाग, असं तिला वाटत होतं. आपण त्याच्यावरच उभे आहोत हे मी कधी सांगितलं नव्हतं. मलाच ते तसं कधी सुचलं नव्हतं. एका पानावर तिने पठार अग्नीतून झालं असं लिहिलं होतं आणि पुढच्या पानावर त्याच पठारातली विहीर गाळाची केली होती.

बसमध्ये मी सांगून टाकलं. सांगू नये असं वाटत होतं, पण तोंडावर लपत नव्हतं. म्हटलं, "आक्का, आपल्याकडचा दगड अग्निजन्य आहे. सगळा. विहिरीतलाही."

"पण थर हायत की. तूच दाखवलंस."

"थर आहेत, पण गाळाचे नाहीत."

"मग कशाचं?"

"लाव्हारसाचे असतील. एकदा वाहिला, निवला, त्यावर पुन्हा वाहिला."

"म्हंजी एकावर एक बसलं का न्हाई? मग त्याला स्तरित का म्हणायचं न्हाई?"

पुस्तकात तेवढं लिहिलेलं नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. पाटसपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. पेपर गठ्ठ्यात बांधला गेला होता. कुणाकडे जाऊन सांगावं की चूक तिची नाही, शिकवणाऱ्याची आहे? असं सांगायची कुठे सोय नसते.

वरवंड आलं तेव्हा ती म्हणाली, "बाकीचं बरं लिवलंय मी. आईला एवढ्यात काय बोलू नगंस."

पुढे बऱ्याच वर्षांनी मी नीट वाचलं. मुरूम म्हणजे झिजलेला तोच दगड. मांजऱ्याला भोकं पडलेली असतात ती लाव्हारसातल्या वाफांमुळे, आणि त्यातच मागाहून गारगोट्या धरतात. बालवाडीत शहाबादी फरशी होती. आक्का रोज तिच्यावर सतरंजी टाकून मुलं बसवायची. तो चुनखडक, खरा स्तरित. पंचक्रोशीत दाखवण्याजोगा तेवढाच होता, आणि मी तिला विहिरीवर नेलं.

निकाल लागला. भूगोलाला पस्तीस हवे होते, एकतीस पडले. मी फेरतपासणीचा अर्ज भरला. उत्तर आलं, गुणांत बदल नाही. बदल कसा असेल, मला माहीत होतं. तरी भरला.

मग शिरूरहून नव्या दहावीची पुस्तकं आणली. आक्काने ती एकेक उघडून पाहिली, नवं गणित पाहिलं, आणि पुन्हा नीट रचून माझ्यापुढे सरकवली.

"न्हाई रे आता," ती म्हणाली. "तू काय वाईट वाटून घिऊ नगंस. मला समजत हुतं तवर लई मजा आली."

पुढच्या शनिवारी शाळा सुटली आणि मी सवयीने एसटी स्टँडवर गेलो. चौफुल्याला बस बदलली. वरवंडला उतरल्यावर लक्षात आलं की आता शिकवायचं काहीच उरलं नाही. आक्का ओट्यावर भुईमूग सोलत बसली होती. या खेपेला मास्तर म्हणाली नाही.

"आलास व्हय?" म्हणाली. "बस. आज धडा न्हाई."

मी बसलो. तिने शेंगांचं सूप अर्धं माझ्याकडे सरकवलं. आम्ही सोलत राहिलो. मध्येच ती म्हणाली, "सोमवारी बालवाडीला नवी बाई येणार हाय. शिकून आलेली." मी पुढची शेंग उचलली. शेंगा संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.