थोरल्या सासूबाईंची पेन्शन

त्या चढावरच्या वस्तीत रस्ते कमी आणि पायऱ्याच जास्त. टेम्पो खालच्या चौकापर्यंत यायचा नि तिथंच हात टेकायचा. तिथून पुढं विटा, वाळू, सिमेंट, सगळं तात्याच्या खेचरीच्या पाठीवरनं वर जायचं. अर्धी वस्ती हिनंच वर नेली, असं तात्या सांगायचा, आणि त्यात थाप फारशी नव्हती.

खेचरी घरात सुनेच्या कितीतरी आधीची. म्हणून सून तिला थोरल्या सासूबाई म्हणायची.

“धाकट्या सासूबाई रागावल्या तर बोलून मोकळ्या होतात,” ती म्हणायची, “थोरल्या आधी लाथ घालतात, मग बघतात कुणाला लागली.”

तात्याची बायको, म्हणजे धाकट्या सासूबाई, यावर पदरात तोंड लपवून हसायची.

एके दिवशी विटा पाठीवर असतानाच खेचरी पायरीवर गुडघ्यांवर बसली. दोन्ही गुडघे सोलले. तात्यानं विटा उतरवल्या, तिथंच बूड टेकलं आणि तिच्या गुडघ्यांवरची माती पुसली. मग म्हणाला, “झालं तेवढं पुष्कळ झालं, बाई. आता बसून खा.”

मुलानं तरणं खेचर आणलं, ते कामाला लागलं. म्हातारीचं खोगीर गोठ्यातल्या खुंटीला गेलं. तात्यानं हौसेनं तिला सकाळीच खरारा केला, सोललेल्या गुडघ्यांना हळद लावली आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा तोंडाला बांधला.

तिनं हुंगलंसुद्धा नाही. मान फिरवून भिंतीकडं बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बायकोनं गूळ दिला, तो दातातून खाली पडला. लीदही बंद झाली. तात्याचा जीव टांगणीला लागला. उठता बसता गोठ्यात.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जबडा उघडून दात चाचपले, पोटाला नळी लावून ऐकलं. “दात ठीक आहेत, तात्या. आतडं मात्र थंड पडायला लागलंय. औषध देते, पण चालवा हिला. दोन दिवसांत पोट सुटलं नाही तर मग माझ्या हातात फार काही राहणार नाही.”

तात्यानं दोर धरून ओढलं. खेचरी जागची हलेना. पुढून ओढून झालं, मागून ढकलून झालं, लाडीगोडी झाली, शिव्या झाल्या. तात्या घामाघूम, म्हातारी ढिम्म.

दारात उभी राहून सून बघत होती. “बाबा, तिला कळतंय का चालायचं कशाला ते? उगीच फिरायला जायची सवय कधी होती तिला?”

“मग काय करू? पाठीवर विटा टाकू?”

“विटा नका हो. नुसतं खोगीर टाका की.”

तात्याचे हात जागच्या जागी थांबले. आयुष्यभर एक नेम त्यानं मोडला नव्हता: ओझं पाठीवर असेपर्यंत तोबरा नाही, पोट फुगतं. आधी खेप, मग खोगीर उतरायचं, मग खाणं. तेच जनावराच्या हाडीमासी मुरलेलं. आणि आता हा शहाणा सकाळी उठून, न राबवता, तिच्या तोंडाशी खाणं धरत होता!

खोगीर पाठीवर पडलं, पट्टा आवळला. म्हातारीचे कान उभे राहिले. कुणी दोर धरायच्या आत ती गोठ्याबाहेर पडलीसुद्धा. मागोमाग तात्या आणि सून. हळूहळू, दर वळणावर थांबत, पण वर. वरच्या बांधकामापाशी आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिली.

गवंडी थापी हातात धरून बघत राहिला. “तात्या, आणलंस काय?”

“काही नाही रे. उतरव.”

“काय उतरवू, डोंबल?”

“उतरवल्यासारखं कर. नाहीतर इथनं हलायची नाही ही.”

गवंड्यानं हसत हसत रिकाम्या खोगिरावरच्या नसलेल्या विटा एकेक करून खाली ठेवल्या, वर “हुश्श, जड होत्या” असंही म्हणाला. पाठीवर थाप पडली तशी म्हातारी वळली.

उतरताना मधल्या वळणावर ती थांबली, शेपटी उचलली, आणि एका नुकत्याच झाडलेल्या उंबऱ्यासमोर लिदीचा हा ढीग घातला.

घरातली बाई तरातरा बाहेर आली. “अहो तात्या! आत्ता झाडलंय मी! लाज आहे का?”

तात्याचे डोळे भरलेले आणि तोंड मात्र कानापर्यंत फाकलेलं. “आण ताई, झाडू आण. मी झाडतो. सगळी गल्ली झाडून देतो!”

“यांना काय झालं?” बाईनं सुनेला विचारलं.

“पोट सुटलं.”

“कुणाचं?”

पण सून हसत सुटली होती.

घरी आल्यावर तात्यानं पट्टा सोडला, खोगीर उतरवलं, घामेजलेली पाठ गोणपाटानं पुसली. तोबरा बांधायलाही म्हातारीनं सवड दिली नाही, पिशवीतच नाक खुपसलं. कडाकडा हरभरे फुटायला लागले. तात्या भिंतीला पाठ लावून ते ऐकत बसला. बायको चहा घेऊन आली, तर हा बसल्या बसल्या घोरत होता. तिनं कप त्याच्याशेजारी ठेवला नाही. खेचरीनं लवंडला असता. स्वतःच पिऊन टाकला.