करीमभाऊंच्या तोंडी घातलेलं 'न्हवं'

करीमभाऊ गेल्याचं मला पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर कळलं, फोनवर आलेल्या एका व्हिडिओतून. खाली लिहिलं होतं, 'मराठी पडद्यावरचा अस्सल ग्रामीण आवाज हरपला.' चेहरा करीमभाऊंचाच होता. आवाज मात्र भलत्याच कुणाचा. माणूस गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला राग आला, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

गोंडपिपरीत शिलाई मशीन चालवणारा हा माणूस झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत चाळीस वर्षं उभा राहिला. दिवाळीनंतर मशीनवर चादर पडायची ती थेट उन्हाळ्यात निघायची. नायक ते कधीच नव्हते. मुलीचा बाप, गावचा पाटील, खडूस सासरा, देवळातला पुजारी... पुजारी तर असा करायचे की एका गावात म्हाताऱ्या बायांनी नाटक संपल्यावर त्यांना वाकून नमस्कार केला होता. मी त्यांच्या नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर. आमच्याकडे तालमी कमी आणि प्रयोग फार, त्यामुळे विंगेतून वाक्यं पुरवणारा माणूस लागतोच. मी 'मला क्षमा कर' असं पुटपुटलो की करीमभाऊ ते ऐकून 'मले माफ कर, माय' म्हणायचे आणि पुढच्या बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. सुरुवातीला मी चिडायचो. एकदा विचारलंच, "भाऊ, लिवलं हाय तसं काऊन नाई बोलत तुमी?"

"लिवलं ते तुया कागदासाठी," ते म्हणाले. "ह्या बाया काय कागद वाचाले आल्या?"

मग सिनेमावाले आले. गडचिरोलीच्या जंगलात शूटिंग होतं. करीमभाऊंना बापाची भूमिका मिळाली. पोरगी न सांगता घर सोडून जाते आणि तिच्या रिकाम्या खाटेकडे बघत बाप एकच वाक्य बोलतो. करीमभाऊ बोलले, "सांगून गेली असती त मी काय अडवलो असतो तुले?" मी तिथे हजर होतो. दिग्दर्शक डोळे पुसत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. काही महिन्यांनी चंद्रपूरच्या थिएटरात आम्ही सगळे तो सिनेमा बघायला गेलो, त्यांची अर्धी गल्ली आणि झुबेदाभाभी, म्हणजे करीमभाऊंची बायको. पडद्यावर करीमभाऊंचं तोंड उघडलं आणि आतून दुसराच माणूस बोलला, "सांगून गेली असतीस तर म्या काय आडवलं असतं व्हय? बाप हाय न्हवं तुजा?"

न्हवं! आमच्या सात पिढ्यांत हा शब्द कुणाच्या तोंडात आलेला नाही. आवाज बदलल्याचं करीमभाऊंनाही कुणी कळवलं नव्हतं. मी सिनेमावाल्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, "प्रेक्षकांना खेडवळ भाषा म्हणजे हीच कळते." म्हणजे यांच्या लेखी साऱ्या महाराष्ट्राचं खेडं एकच, आणि तेही आमच्या बाजूचं नाही. पुढे करीमभाऊंनी किती सिनेमे, किती मालिका केल्या... हवालदार, वॉचमन, आजोबा. दर वेळी तोंड त्यांचं आणि आवाज परका. "काऊन करता मंग?" मी विचारायचो. "तोंड तरी आपलंच हाय ना," म्हणून ते हसायचे. ते हसणं खरं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

गडचिरोलीच्या शोकसभेत पडद्यावर नेमका तोच प्रसंग लावला. पहिल्या रांगेतली भाभी मागे वळून मला म्हणाली, "भाऊ, यायचा सोताचा आवाज कुठी हाय?" मी उभा राहिलो, आवाज बंद करा म्हणालो. "बसा, श्रद्धांजली सुरू आहे," संयोजकांनी सुनावलं. आणि मी बसलो, याची मला लाज वाटते.

नंतर मी त्यांचा खरा आवाज शोधायला लागलो. जुन्या कंपन्यांच्या मालकांना विचारलं, नटांना विचारलं. पोस्टरं ढीगभर निघाली, फोटो निघाले, आवाज कुणाकडेच नाही. सिनेमावाल्यांना शिव्या देतो खरा, पण चाळीस वर्षांत एक प्रयोग रेकॉर्ड करावा, हे आम्हाला तरी कुठे सुचलं? कानात आवाज साठवून बसलेल्या मलाही सुचलं नाही.

काहीच सापडलं नाही, हे सांगायला मागच्या आठवड्यात सकाळीच गोंडपिपरीला गेलो. चहा पुढे आला, तोंड उघडणार तोच गल्लीत कचरागाडीचा भोंगा वाजला. "माय, वला कचरा इकडे टाक, सुका तिकडे टाक. मंग म्हणशीन, करीमनं सांगतलंच नाई..."

कप माझ्या हातातच राहिला.

"दोन वर्साआधी गाडीवाल्यायले बोलून देल्लं होतं त्यायनं," भाभी बादली उचलत म्हणाली आणि दारात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो. बादली रिकामी होती. ड्रायव्हरने ती बघितली, आणि रेकॉर्ड पूर्ण वाजेपर्यंत त्याने गाडी तिच्या दारातून हलवली नाही.