बोंबीलला हाक मारायची रीत

कोलशेतच्या मनुबाईचा आवाज हा एक वेगळाच विषय होता. वीस वर्षं तिने ठाण्याच्या बाजारात मासळी विकली, आणि शेजारी बसणारीला आपल्या मालाचं नाव घ्यायचं तर मनुबाई श्वास कधी घेते याची वाट बघावी लागे. पुढे खाडीत मासळी कमी झाली. तेव्हा, चौऱ्याऐंशी साली, ती घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर एका ट्रस्टच्या केंद्रात आया म्हणून लागली. अर्धांगवायू झालेल्या माणसांना तिथे पुन्हा उभं राहायला शिकवत. मनुबाईची टोपली सुटली, आवाज मात्र तसाच राहिला.

तिच्या मागोमाग तिचा कुत्राही कामाला लागला. पिल्लू असताना तो ओल्या बोंबलासारखा लुळा आणि पांढुरका होता, म्हणून त्याचं नाव बोंबील. तो रोज तिच्यामागे यायचा आणि फाटकाशी बसून राहायचा. व्यायाम शिकवणाऱ्या प्रधानबाई कडक शिस्तीच्या. कुत्रा आत आलेला त्यांना खपण्यासारखा नव्हता. पण त्यांनी एकदा पाहिलं, की ज्या बोटांना रबरी चेंडू दाबायचा कंटाळा, तीच बोटं बोंबीलच्या पाठीवरून आपसूक फिरतात. मग काय, बोंबील आत आला. मनुबाई दालनाच्या या टोकावरून ओरडायची, "बोंब्या, विमलाबाईंकडे जा." तो जायचा. "बस" म्हटलं की बसायचा. विमलाबाई त्याचे कान कुरवाळता कुरवाळता मूठ उघडायला शिकल्या. पाच वर्षं हे असं सुरळीत चाललं.

एकोणनव्वद साली बोंबील ऐकेनासा झाला. चार हाका मारल्या तरी ढिम्म. लोकांनी बिस्किटं खाऊ घालून त्याला लाडावून ठेवलाय, असं मनुबाईने ठरवून टाकलं, आणि एक दिवस टॉवेलची घडी करून त्याच्या पाठीत दोन हाणल्या. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात ती ओट्यावर मांदेली साफ करत होती. बोंबील भिंतीकडे तोंड करून पडला होता. एरवी मासळीला हात लावायच्या आत तो हजर व्हायचा. तिने हाक मारली, मग ओरडली. तिचा नवरा दामाजी उठला आणि त्याने बोंबीलच्या डोक्यामागे परात बडवली. बोंबीलचा कानसुद्धा हलला नाही.

"त्याला आयकूच येत नाय ग," दामाजी म्हणाला. "उगीच मारलंस त्याला."

मनुबाई तिथेच रडली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. गुरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, वय झालंय, कान आता परत यायचे नाहीत. शेजारची शेवंती म्हणाली, "तुझ्याच आवाजानं गेले त्याचे कान." मनुबाई हसली खरी, पण पुढचे दोन दिवस ती हळू बोलत होती.

केंद्रात तिने हे कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या कुत्र्याला कोण ठेवून घेणार? ती बोंबीलच्या पुढ्यात जाऊन हाताने खुणा करू लागली. तळवा खाली म्हणजे बस, बोट दाखवलं म्हणजे तिकडे जा. बोंबील हुशार, आठ दिवसांत शिकला. आयुष्यभर तोंडाने कामं करून घेतलेल्या बाईला मात्र महिना लागला. खूण करतानासुद्धा ती ओरडायची.

लपवलेलं फार दिवस टिकलं नाही. बोंबील झोपला असताना विमलाबाईंनी मागून येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकून उठला, गुरगुरला, आणि त्याच्या दातांत विमलाबाईंचा पदर फाटला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, पण विमलाबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग मनुबाईला सगळं सांगावंच लागलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?" प्रधानबाई म्हणाल्या. "इथली माणसं पडली तर उठू शकत नाहीत, मनुबाई."

"चुकलं माझं, बाई. पन त्याला काढू नका. हितं आला नाय तर तो झुरून मरंल."

प्रधानबाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपर्यंत काही उपाय दाखवा. नाहीतर सोमवारपासून तो घरी राहील."

रविवारी दामाजीने मनुबाईला जाळं ओढायला नेलं, आणि बोंबीलही होडीत बसला. खाडीत मागून वारा असला की पुढच्या माणसाचं बोलणं मागच्याला पोचत नाही. अशा वेळी कोळी होडीच्या फळीवर टाच आपटतो, आणि मागच्याला ते तळपायातून कळतं. दामाजीने टाच आपटली. मनुबाईने वर पाहिलं, आणि तिच्या पायाशी झोपलेल्या बोंबीलनेही.

"परत आपटा," ती म्हणाली. दामाजीने आपटली. बोंबीलने पुन्हा मान वर केली. त्या दिवशी जाळ्यात काय आलं ते मनुबाईने पाहिलंच नाही.

केंद्रात जमिनीला फरशी होती, तिच्यावर आपटून उपयोग नव्हता. पण चालायच्या सरावासाठी दोन लोखंडी दांड्या होत्या आणि त्यांच्यामध्ये फळ्यांची लांब वाट होती. सोमवारी मनुबाईने बोंबीलचं झोपायचं गोणपाट त्या फळ्यांवर, टोकाला अंथरलं आणि भिंतीवर पुठ्ठा लावून घेतला: आधी फळीवर पाय आपटा, बोंबीलने बघितलं की मगच हात लावा. विमलाबाई पहिल्या पुढे झाल्या. चपलेने फळी ठोकून त्या चार हात लांब उभ्या राहिल्या. बोंबील शेपूट हलवत आला. प्रधानबाई बघत होत्या.

ठाकुर्लीच्या वीजघरात तीस वर्षं काढलेले महिपतराव चार महिन्यांपासून केंद्रात येत होते. उजवा पाय लाकूड झालेला, वाचाही गेलेली. दांड्या धरून ते डाव्या पायावर उभे राहत, पण उजवा पाय उचला म्हटलं की मान फिरवत. प्रधानबाईंनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं.

शुक्रवारी ते दांड्यांमध्ये उभे होते. बोंबील पलीकडे गाढ झोपलेला. महिपतरावांनी मनुबाईकडे पाहून कुत्र्याकडे मान हलवली. ती टाच उचलणार, तेवढ्यात प्रधानबाईंनी तिचा हात धरला.

डावा पाय आपटायचा तर सगळा भार उजव्यावर आला असता, आणि तो पेलणं त्या पायाला शक्य नव्हतं. ते महिपतरावांना कळलं असावं. त्यांनी उजवा पाय फळीवर घासला. बोंबील हलला नाही. पुन्हा घासला. महिपतरावांच्या कपाळावर घाम आला, आणि आयुष्यात कधी गप्प न बसलेली मनुबाई श्वास रोखून उभी राहिली. मग ती टाच बोटभर वर गेली आणि फळीवर पडली. आवाज असा झालाच नाही. पण बोंबीलने मान वर केली, आळस दिला, आणि तो महिपतरावांपाशी आला. महिपतराव लहान मुलासारखे रडले. मग त्याला परत टोकाला पाठवायला लावून त्यांनी अकरा वेळा बोलावलं.

शनिवारी काम संपल्यावर मनुबाई गोणपाट गुंडाळू लागली. मुदत आज संपत होती, आणि उपाय पटला असं प्रधानबाईंनी अजून म्हटलं नव्हतं.

"ते कुठे नेताय?" प्रधानबाईंनी विचारलं.

"आज शनिवार, बाई."

"मग सोमवारी महिपतराव पाय कुणासाठी उचलणार?"