त्या शनिवारी मी टोरांटोत नव्हते

ईशान, रेवा,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. पुण्याहून दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "आजी, आज किती मायनस?" मी आकडा सांगते, तुम्ही किंचाळता, आपण हसतो. आकडा सांगणं सोपं असतं.

या गावाबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. एक खाण, एक दवाखाना, दोन चर्च आणि सहा महिने बर्फ. लोकांना हवामानाशिवाय विषय नाही, आणि त्यावरही बोलण्यासारखं काय आहे? थंडी आहे, उद्याही असेल. तरी दुकानात अर्धा अर्धा तास तेच, आणि दर वेळी नव्याने हसणं. तीस वर्षं मी या माणसांकडे वरून पाहिलं. माझं घर नीट, माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं, शनिवारी अकराला धुणं म्हणजे अकराला. माणसाची किंमत यावरून ठरते असं मला खरंच वाटायचं.

आणि फिलोमिना. मूळची वसईची. बरीच वर्षं गावात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. मोठ्याने बोलायची, त्याहून मोठ्याने हसायची, एप्रन न काढता लायब्ररीत यायची. मला 'वैनी' म्हणायची. मी तिला — मी तिला काहीच म्हणत नसे. दर संक्रांतीला ती माझ्याकडे तिळगूळ घ्यायला यायची आणि मी तिला स्वयंपाकघरातच बसवायचे. हॉलमध्ये कधीच नाही. तिच्या ते लक्षात आलं नसेल का? आलंच असेल.

२००७ च्या जानेवारीत खाणीत तीन तरुण इंजिनिअर आले, पुण्याचे आणि नागपूरचे. त्यांच्या बायकांसाठी मी रविवारी हळदीकुंकू ठरवलं. आजोबा मीटिंगसाठी टोरांटोला गेले होते. येताना ते ऊस आणि बोरं आणणार होते. सगळं यादीप्रमाणे चाललं होतं. प्रश्न एकच — फिलोमिना. ती येणार, आल्या आल्या म्हाताऱ्यांच्या खिमटाचं वर्णन करणार, आणि त्या मुलींना वाटणार की ही माझी मैत्रीण आहे. तशी ती होतीच.

म्हणून मी तिला फोन केला आणि सांगितलं, आम्ही दोघं शनिवार-रविवार टोरांटोला चाललोय. रविवारी तिची ड्यूटी असते हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. तिळगुळासाठी ती बदलून घेईल, एवढीच भीती होती.

"जा की वैनी, बिनधास्त जा," ती म्हणाली. "घराकडे मी बगते. किल्ली द्याल?"

किल्ली मी दिली नाही. असल्या माणसांना मी किल्ल्या देत नसे.

'घराकडे बघणं' म्हणजे काय, हे तुम्हाला पुण्यात कळायचं नाही. इथे हिवाळ्यात कुणी गावाला गेलं की शेजारपाजारचं कुणीतरी येऊन त्यांच्या दारातला बर्फ काढतं, नाहीतर घर रिकामं आहे हे साऱ्या गावाला दिसतं. हे मला ठाऊक होतं. पण फिलोमिना ते करील, आणि माझ्यासाठी करील, असं मनातही आलं नाही.

शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला ती फावडं घेऊन आली. उणे चौतीस. मी वरच्या खोलीत, पडद्याआड. खाली ड्रायर चालू — कारण अकराला धुणं. त्याची वाफ भिंतीतल्या नळीतून बाजूच्या दाराशी बाहेर पडते आणि तिथल्या पायऱ्यांवर काचेसारखी गोठते. दर शनिवारी मी तिथे मीठ टाकायचे. त्या दिवशी टाकलं नाही. टाकायला बाहेर पडले असते तर दिसले नसते का?

तिने घरासमोरच्या अर्ध्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला. मला जमला नसता इतका सरळ. मग पायऱ्यांकडे वळली आणि पडली. उजव्या हातावर. तिची किंकाळी मला बंद काचेतून ऐकू आली.

मी हलले नाही. स्वयंपाकघरातून दवाखान्यात फोन करता आला असता. आपला नंबर दिसेल, हेही मला सुचलं. डोकं एवढं चालत होतं. तिने मान वळवून त्या वाफेकडे पाहिलं — रिकाम्या घरातून कुठून येणार वाफ? मग वर, खिडकीकडे. हाक मात्र मारली नाही. अकरा मिनिटांनी बर्फ काढणारा नगरपालिकेचा ट्रक आला. चालकाने तिला उचललं, फावडं भिंतीशी नीट उभं केलं आणि तिला घेऊन गेला. अकरा मिनिटं, मी घड्याळात पाहिली होती.

रविवारी हळदीकुंकू छान झालं. एकीने हसत विचारलं, "काकू, बाहेर अर्धाच बर्फ काढलाय, तो का हो?" मी म्हणाले, "ठेवलेला माणूस कामचुकार निघाला." सगळ्या हसल्या.

फिलोमिनाचं मनगट धड जुळलं नाही. मोठी पातेली उचलणं तिला जमेना, काम सुटलं. जूनमध्ये ती हॅमिल्टनला बहिणीकडे राहायला गेली. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. मी पत्र लिहिलेलं नाही.

त्या सोमवारी मात्र मी तिच्याकडे गेले होते, मुगाचं कढण घेऊन, प्रवासाहून आल्यासारखा चेहरा करून. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. कढण तिने डाव्या हाताने घेतलं.

"टोरांटोला थंडी होती का, वैनी?"

"इथल्याइतकी नाही," मी म्हणाले. आणि उसाबद्दल सांगितलं, बोरांबद्दल सांगितलं, थांबलेच नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा बर्फ अर्धाच राहिला, वैनी."

"असू दे," मी म्हणाले.