माझ्याच घरी चहाला गेल्तो

आमच्या मंठ्यात म्हाताऱ्यांचा एक संघ हाय. बाजाराच्या मागं, मारुतीच्या देवळाला लागून एक खोली. दोन सतरंज्या, बीपी बघायची एक मशीन, आन् भिंतीवर गेलेल्या मेंबरांचे फोटू. मी मेंबर झालो ते चहासाठी. बायको गेल्यावर घरात चहा कव्हा व्हतो आन् कव्हा संपतो, माझ्या ध्यानातच येईना. ती व्हती तव्हा कप आपोआप हातात यायचा. एवढी उमर झाली, आन् सवताच्या घरात साखरेचा डबा कोणता ते सांगता येत न्हाई, असला मी गडी.

ती गेली तव्हा मी रडलो न्हाई. लोकं म्हणले, म्हातारा लई खंबीर हाय. खंबीर कशाचा! लई वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात ना, त्याच्या आधी जरा वेळ पाय आपला हाय का दुसऱ्याचा ते कळत न्हाई. तसं झाल्तं. मुंग्या येतील म्हून वाट बघितली. आल्याच न्हाईत.

संघात मात्र मला मान व्हता, हासवायचा. मी पयल्यापासून असाच. सारी जिंदगी मेंढरामागं गेली, आन् मेंढरं हासत न्हाईत, म्हून माणूस भेटला की मी सुरू. शाळेत मी एकदाच गेल्तो, आमचं मेंढरू आत घुसल्तं म्हून. जोक सांगायचा तं सवतावरच. दुसऱ्यावर सांगितला की मार बसतो, हे मी शाळेबिगर शिकलो. बायको गेल्यावरबी जोक चालूच राह्यले. तोंड आपलं चालून राह्यलं, मी आपला बाजूला बसलेला.

मला वाटलं व्हतं, संघात म्हातारे बसून पोरांच्या चुगल्या करत असतील. तेबी करतात. पण कामंबी करतात. निराधाराच्या पगाराच्या दिवशी बँकेबाहेर म्हाताऱ्या उन्हात उभ्या राहायच्या, तिथं संघानं बाकडं आन् सावली करून घेतली. दवाखान्यात म्हाताऱ्यांची लाईन अलग पाहिजे म्हून आमचे अध्यक्ष हापिसात खेटे घालून थकले. अध्यक्ष म्हंजे शाळेतून रिटायर झालेले गुर्जी. शेवटी ते मला संगं घेऊन गेले. म्हणले, "आबा, तुम्ही एक शब्द बोलू नका. तुम्ही फक्त खोका." मी खुर्चीवर बसून असा खोकलो, असा खोकलो, की सायबानं जल्दी जल्दी कागद फुडं ओढला आन् मला सवताच्या बाटलीतलं पाणी पाजलं. लाईन अलग झाली. संघासाठी मी एवढंच केलं, खोकलो.

पण संघाचं खरं काम म्हंजे चहा. ते मी नीट सांगतो.

एखाद्या मेंबरचं घरात काही बराबर न्हाई असं कळलं, म्हंजे एका बाईचं अंथरूण जिन्याखाली टाकल्तं तसं, की संघ त्या घरी चहाला जातो. गुर्जी म्हणतात, कायदा हाय, अर्ज करता येतो, सायब पोराला बोलावतो. पण अर्ज करून म्हातारीनं माघारी जायचं कुठं? त्याच जिन्याखाली. म्हून आधी चहा. दुपार कलली की आम्ही समदे टोप्या-बिप्या घालून, मावशा पदर घेऊन, त्या घराच्या म्होरच्या खोलीत जाऊन बसतो. मुद्द्याचा शब्द काढायचा न्हाई. पाऊस, कपाशी, एसटी, कोणाच्या गुडघ्याला काय लावलं, बस. चहा येतो. कपाला कोणी हात लावायचा न्हाई. मंग गुर्जी म्हणतात, "बोलवा की त्यांला. सोबत घेऊ."

आता घरच्यांला त्या म्हातारीला आतून बोलवावंच लागतं. ती आली की तिला चांगल्या खुर्चीवर बसवायचं, पयला कप तिला. मंग आमी पितो. चहा कसाबी असो, मस्त झाला म्हणायचं. निघताना गुर्जी म्हणतात, "बराय, उद्या येतो." आन् उद्या खरंच जातो. परवाबी. एवढे कप घासण्यापरीस म्हातारीला म्होरच्या खोलीत ठिवलेलं बरं, असं घरच्यांला आपोआप वाटायला लागतं. माझं काम, घरच्यांला हासवायचं, म्हंजे भांडण उठत न्हाई. जिन्याखालच्या बाईच्या सुनंला मी इतकं हासवलं की तिनं मला बिस्कुटं दिली.

आता माझ्या घरचं.

आमचं पोरगं वाईट न्हाई. मोटारीचे, पंपाचे पार्ट इकायचं दुकान हाय त्याचं. नातीला बघायला पाव्हणे येणार म्हून त्यानं म्होरच्या खोलीत चकचकीत फरशी बसवली, जालन्याहून, मस्तगडच्या दुकानातून सोफा आणला. आता त्या फरशीवर माझी बाज कशी शोभंल? बाजंचे पाय लोखंडी, फरशीला वरखडे पडतात. पोरगं म्हणलं, "आबा, थोडे दिवस मागं झोपा. पाव्हणे येऊन गेले की बाज फुडं आणू."

मागं म्हंजे पत्र्याचं शेड. तिथं आमच्या बकऱ्या असायच्या. बायको गेल्यावर बकऱ्या इकून टाकल्या, कारण त्यांची नावं तिलाच माहीत व्हती. बकऱ्या गेल्या, वास राह्यला. पाव्हणे आले, गेले. नातीचं लगीन आष्टीला ठरलं, तेबी झालं. बाज मागंच. पोराला मी दोष देत न्हाई. त्यानं मुद्दाम केलं न्हाई, त्याला फक्त आठवलं न्हाई. मीबी आठवण दिली न्हाई. दिली असती तं बरं-वाईट काहीतरी झालं असतं, आन् मला कशाचंच काही व्हायला नको व्हतं.

तिथलं मी संघात काही सांगितलं न्हाई. असं मला वाटत व्हतं. मी म्हणायचो, मला सेपरेट रूम हाय, हवेशीर.

पण माझं तोंड! नवा जोक कुठून आणायचा? दिवसभर मी त्या शेडमधीच. मंग मी सांगायचो, "काल झोपंतून उठलो आन् डोकं पत्र्याला लागलं, ठण्ण! मला वाटलं देवळात आलो, म्हून हात जोडले." लोकं हासायचे. "टोपी खुंट्याला अडकवतो, त्या खुंट्याला आमची काळी शेळी बांधायची. आता रोज सकाळी टोपी म्हणती, मला सोड." हासायचे. "दुपारी पत्रा असा तापतो की मी कूस बदलून घेतो, भाकरीवानी, न्हाई तं अंग एका बाजूनं करपंल." लई हासायचे.

एक मावशी हाय संघात, पूर्वी बाजारात बांगड्या भरायची. ती हासायची न्हाई. बांगड्या भरता भरता बायांच्या हातावरून तिला समदं कळायचं म्हणतात. एकदा ती म्हणली, "भाऊ, तुमचे जोक समदे एकाच जागेचे कसे हो?"

मी म्हणलं, "मावशे, मी एकाच जागी झोपतो म्हून."

समदे हासले. मावशी आन् गुर्जी न्हाई हासले. माझ्या ध्यानात आलं न्हाई. जोकातून आपण अर्जच करून राह्यलो, तोबी रोज, हे मला कुठं ठावं!

मंग एक दिवस गुर्जी म्हणले, "चला, आज एका घरी चहाला जायचं हाय."

मी इचारलं, "कोणाच्या?"

मावशी म्हणली, "चला तं. हासवायला तुम्ही पाहिजे."

मी निघालो. सगळ्यात फुडं मीच. रस्त्यानं माझं चालूच, आज बिस्कुटं मिळतील का बघा, म्हून. आमची गल्ली आली तव्हा मी म्हणलं, अरे, आमच्याच गल्लीत कोणाचं म्हातारं अडचणीत हाय आन् मला पत्ता न्हाई? शेजारच्या घराकडं मी बोट दाखवलं. गुर्जी आमच्या दारात चपला काढून राह्यले.

सूनबाईनं दार उघडलं. टोप्या बघितल्या, पदर बघितले, मंग मी दिसलो. "आबा, तुम्हीबी?"

मी म्हणलं, "हाव, मी संघाकडून आलो." दुसरं काय म्हणू?

मला वाटलं, गुर्जींला सोफा बघायचा असंल. पोरगं जेवून दुकानावर जायला निघाल्तं, ते थांबलं. गुर्जी त्याला शाळेत शिकवायला व्हते. त्यांला बघून त्यानं हातातलं घड्याळ काढलं आन् परत घातलं. आमी बसलो. त्या सोफ्यावर मी पयल्यांदाच बसलो. लई मऊ. खाली जातो माणूस. पाऊस, कपाशी, गुडघे, समदं बोलून झालं. सूनबाईनं चहा आणला. मी आपला कप उचलला. बघतो तं कोणीच उचलला न्हाई.

गुर्जी पोराला म्हणले, "बोलवा की त्यांला. सोबत घेऊ."

पोरगं म्हणलं, "कोणाला, गुर्जी?"

"आबाला."

"हे काय, आबा तं बसलेत!"

"हे आमच्या संघाचे मेंबर हायत. आमच्यासंगं आलेत. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस बोलवा."

मला वाटलं, गुर्जींनी जोक केला. मी जोरात हासलो. एकटाच हासलो. खोलीत पंख्याचा आवाज. माझ्या मांडीवर चहा सांडला, तो गरम व्हता का गार, मला सांगता येणार न्हाई.

मावशीनं माझ्या हातातून कप घेतला आन् खाली ठिवला. "भाऊ, तुम्ही मागं जाऊन बसा. बोलावल्यावर या."

मी उठलो. पोराकडं बघितलं न्हाई. सोयपाकघरातून मागं गेलो, शेडमधी, बाजंवर बसलो. पत्रा तापल्ता. टोपी काढून खुंट्याला अडकवली, मंग वाटलं आता जायचंय ना, म्हून परत घातली. मंग वाटलं, जायचंय कशावरून?

आतापोतर दुसऱ्यांच्या घरी मी कपाच्या बाजूनं बसायचो. बोलवा की, म्हणायचं आन् वाट बघायची, एवढंच. आतून काय असतं ते मला ठावं नव्हतं. पोरानं बोलावलं न्हाई तं? चिडून म्हणलं, आबा मागंच बरे हायत, तुम्ही चहा प्या आन् जा, तं? मंग मी शेडमधून बाहेर कुठल्या तोंडानं येऊ? आन् उद्या संघात कोणता जोक सांगू? आजवर डोकं पत्र्याला लागलं म्हून सांगत व्हतो तव्हा ते फक्त पत्र्याचं व्हतं, आता ते पोराचं झालं असतं. मला भेव वाटलं पाहिजे व्हतं. मी तिथं बसून बघून राह्यलो, भेव येतं का. छातीवर हातबी ठिवून बघितला.

म्होरून काही ऐकू येईना. एक शेजारची कोंबडी आत आली, माझ्याकडं बघितलं आन् गेली.

मंग पोरगं आलं. दारातनं बोलावलं असतं तरी भागलं असतं. ते वाकून आत आलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बकऱ्यांचा वास नाकात गेला असंल, नाकाला हात लावला आन् काढला. माझ्या शेजारी बाजंवर बसलं. लहानपणी माझ्यासंगं मेंढरामागं यायचं, तव्हा असंच चिकटून बसायचं, पण तव्हा बोलायचं लई.

म्हणलं, "आबा, चहा घ्यायला चला."

"चल," म्हणलं मी.

ते उठलं, आन् ठण्ण!

म्होरच्या खोलीपोतर आवाज गेला. तिथून एक जण फिस्सकन हासला, आन् कोणीतरी त्याला दाबलं. त्यांला तो आवाज माझ्या तोंडून पाठ व्हता.

पोरगं डोकं धरून उभं. वाकलेलंच. म्हणलं, "आबा, हे रोज लागतं का?"

मी म्हणलं, "न्हाई रे. आता मी वाकूनच उठतो."

ते लई वेळ डोकं चोळत व्हतं, एवढंबी लागलं नसंल. मी म्हणलं, "चल, चहा गार व्हईल. ते लोकं तसेच बसलेत."

चांगली खुर्ची मला दिली. पयला कप मला. समद्यांनी मंग आपापले उचलले. नियम म्हंजे नियम, मी सूनबाईला म्हणलं, "चहा मस्त झाला." ती माझ्याकडं बघतच राह्यली. एवढ्या वर्षांत मी तिला असं कव्हा म्हणलो नव्हतो. तिनं बिस्कुटं आणली. निघताना गुर्जी म्हणले, "बराय, उद्या येतो."

पोरगं म्हणलं, "या, गुर्जी."

त्या दिवशी ते दुकानावर गेलंच न्हाई. बाज त्यानंच ओढून आणली. पायाखाली कापड घालायचं त्याला सुचलं न्हाई, दारापासून खिडकीपोतर नव्या फरशीवर एक लांब वरखडा पडला. सूनबाईनं तो बघितला, ओठ दाबले, आन् आतून चटई आणून त्याच्यावर टाकली. बायकोची बाज असायची तिथंच माझी लावली. दुसऱ्या दिवशी संघ आला तव्हा मी दार उघडलं. मावशीनं बाज बघितली, खिडकी बघितली, आन् म्हणली, "आता तुमचे जोक संपले, भाऊ."

संपले बराबर. आता संघात माझ्याकडं सांगायला फार काही नसतं. दुसऱ्यांच्या घरी चहाला जातो, पाऊस-कपाशी बोलतो. कप आला की आतल्या दाराकडं बघत बसतो.

आन् सकाळी उठताना मी अजून वाकूनच उठतो. वर काही न्हाई, पंखा हाय, तो लई वर. मला म्हाईत हाय, पण अंगाला म्हाईत न्हाई. सूनबाई झाडून घेत असती, ती बघती आन् म्हणती, "आबा, कंबर धरली का?"

मी म्हणतो, "हाव."

मंग ती कप आणून देती.